निजलेली हवा

कुंदाताई रोज सकाळी गच्चीवर येत, हनुवटी किंचित वर करत आणि डोळे मिटून क्षणभर निश्चल उभ्या राहत. मग डोळे उघडून खाली कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या सिगडीकडे पाहत, दूर मदनमहालच्या टेकडीकडे पाहत, आणि निर्णय देत. "आज हवा निजून राहिली. पोरीला तोंड बांधून पाठव." किंवा, "आज उठली हवा. पळू दे तिला."

दीक्षितपुऱ्यात आमच्या दोन घरांच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी एक भिंत होती. तिच्या अलीकडे मी उभी असे, पलीकडे त्या. आणि माझी मुलगी रेवा, जिच्या छातीत दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मांजर गुरगुरावे तसा श्वास वाजतो, ती नेहमी पलीकडे असे.

थंडीत जबलपूरभोवतीच्या टेकड्या ओंजळीसारख्या होतात. शहपुऱ्याकडच्या शेतांत जळणाऱ्या धानाच्या काडांचा धूर, शेकोट्यांचा धूर, सिगड्यांचा धूर, सारे त्या ओंजळीत साचते. या धुरांचे वास मला निरनिराळे ओळखू येतात. मी कविता लिहिते. गंध हा माझा प्रांत आहे, असे मी मानत आले. कुंदाताई कारखान्याच्या भांडारात नोकरी करून निवृत्त झालेल्या. कवितेचे नाव काढले की म्हणत, "ते तुझं तू पाय बाई, मला आपली भाजी निवडता येते." त्या मोठ्या साथीत महिनाभर तापाने पडल्या होत्या, त्यातून उठल्यावर त्यांना हे गच्चीवर येऊन हवा हुंगण्याचे वेड लागले. आणि माझ्या लेकीने विश्वास ठेवला तो त्यांच्या नाकावर.

मला ते सलत होते. रेवा उठल्याबरोबर भिंत ओलांडून जाई. "आजी, आज हवा कशी?" हा प्रश्न तिने मला कधी विचारला नाही. निर्णय झाल्यावरही दोघी तिथेच थांबत, डोक्याला डोके लावून काही कुजबुजत, हसत. मी जवळ गेले की गप्प होत. भिंत थोडी उंच करून घ्यावी, असेही एकदा माझ्या मनात येऊन गेले.

कार्तिकातल्या एका सकाळी रेवाच्या शाळेत धावण्याची निवड होती. कुंदाताई म्हणाल्या, "मंजू, आज नको जाऊ देऊ. धूर पाय पसरून बसला आहे."

अंगणातल्या पारिजाताचा शेवटचा बहर दरवळत होता. दुसरा कोणताही वास मला येत नव्हता, येऊ द्यायचा नव्हता. मी म्हटले, "ताई, मला तर नुसता पारिजात येतो आहे. वासातलं मलाही थोडं कळतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रेवाने दोघींकडे पाहिले आणि बूट घातले. मी तिला जिंकले होते.

दुपारी शाळेतून फोन आला. मी जिना उतरले तेव्हा कुंदाताई ऑटो थांबवून उभ्या होत्या. दवाखान्यात रेवाच्या ओठांवर निळसर सावली होती, तिच्या गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. कुंदाताई तिची पाठ चोळत राहिल्या. संध्याकाळी धाप ओसरल्यावर एवढेच म्हणाल्या, "उद्यापासून वास तू घे मंजू, धूर मी पायते."

मला तो टोमणा वाटला. त्यानंतर मी गच्चीवर जाणेच सोडले.

गेल्या पौषात कुंदाताई झोपेतच गेल्या. त्यांच्या तेराव्यानंतर एका सकाळी मी वर गेले, तर रेवा भिंतीपाशी डोळे मिटून, हनुवटी वर करून उभी.

"कशाचा वास येतोय?" मी विचारले. स्वर जरा कडवटच होता.

"वास नाही घेत, आई. भोंगा ऐकून राहिले. कारखान्याचा भोंगा उशाशी वाजल्यासारखा आला म्हणजे हवा निजलेली. सिगडीचा धूर आडवा पडला म्हणजे पक्कं." मग ती थांबली. "आजीला वास कुठे येत होता? त्या तापात गेला, तो आलाच नाही. कुणाला सांगू नको म्हणायच्या. भाजी जळली तरी कळायचं नाही त्यांना."

"मग तुम्ही दोघी रोज काय बोलत होता?"

"मी त्यांना वास सांगायची. त्या म्हणायच्या, 'धूर-धूर काय करते, तुझी आई सांगते तसं सांग ना.' मला जमायचं नाही. मग तुझ्या कवितांच्या वहीत पाहून सांगायची."

मी भिंतीवर हात टेकला. इतकी वर्षे मी ज्या नाकाचा मत्सर केला, ते नाक नव्हतेच. माझे शब्द मात्र रोज ही भिंत ओलांडून जात होते, आणि मी अलीकडे उभी होते. मत्सर तरीही गेला नाही. कुंदाताई माझ्या वहीतला पारिजात हुंगत होत्या, आणि तो कसा वाटतो हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. मी विचारलेही नव्हते.

"आज हवा कशी, आई?" रेवाने विचारले. बूट तिच्या हातात होते.

मी डोळे मिटले. ओल्या राखेचा, कोळशाचा, उकळत्या आल्याचा वास आला. मी तो बाजूला सारला आणि ऐकले. भोंगा अगदी कानाशी आला.

"निजून राहिली," मी म्हटले.

रेवाने बूट खाली ठेवले.