पाहणीआधीचा रंग

रंगाऱ्याचे आयुष्य दुसऱ्यांच्या भिंती उजळण्यात गेले. घासलेल्या पुट्टीची भुकटी छातीत बसून त्याला खोकला जडला होता. तरी रंगाचा एक ओघळ तो खाली उतरू देत नसे. घर सजले, पाहुणे भिंतींची वाखाणणी करू लागले, की शिडी खांद्यावर टाकून तो मागच्या दाराने निघालेला असे.

मुलगी मात्र डोक्याने तल्लख निघाली. ती वसतिगृहात राहून औषधनिर्माणाचे शिक्षण घेत होती आणि खर्च एका संस्थेच्या शिष्यवृत्तीतून भागत होता. शेवटच्या वर्षाआधी संस्थेचा निरोप आला, घर पाहून पुढचे ठरवू.

"मोठ्या माणसांनी आपल्याकडे यायचं, ते काय भिंतीचे पोपडे बघायला?" रंगारी म्हणाला.

"पोपडेच बघायला येताहेत ते," बायको म्हणाली. "तुमचं मुखकमल बघायला नव्हे. जन्मभर या खोलीला ब्रश लावायला सवड झाली नाही, आत्ताच कसली हौस?"

"पोरगी कुठल्या घरातली, ते दिसू दे की!"

नुकत्याच संपलेल्या बंगल्याच्या कामात डब्यांच्या तळाशी भारी रंग उरला होता. असा रंग ठेकेदाराच्या गोदामात जमा करायचा, असा दंडक होता. त्याने तो बादलीत काढून घरी आणला. पोपडे खरवडले, भेगा भरल्या, घासून घासून भिंत आरशासारखी केली आणि मग असा हात दिला, जसा कुठल्याही मालकाला दिला नव्हता.

संस्थेच्या बाई आल्या. भिंतीवरून त्यांनी बोटे फिरवली.

"आम्हालाही हाच लावायचा होता. भाव ऐकला आणि बेत सोडून दिला."

'उरलेला आहे' हे शब्द रंगाऱ्याच्या ओठांवर आले आणि तिथेच थिजले. अशाच एका डब्यापायी ठेकेदाराने त्याच्या जोडीच्या रंगाऱ्याला हाकलले होते. त्यानंतर त्या बिचाऱ्याला कोणी कामावर उभे केले नव्हते.

"बाई, तो रंग आहे ना…" बायकोने तोंड उघडले.

"माझाच आहे," रंगाऱ्याने तिला तोडले. "वरचा माल. धुतला तरी उडायचा नाही."

बाईंनी मान डोलावली, काहीतरी लिहून घेतले आणि त्या निघाल्या.

"बघितलंस? हात फिरवून बघितला त्यांनी," तो खुशीत म्हणाला.

"बघितला. आणि मग काय लिहून घेतलं, ते नाही बघितलंत."

शिष्यवृत्ती थांबली. कुटुंबाला मदतीची गरज दिसत नाही, एवढेच कारण कळवले गेले. फोनवर मुलीने सारे ऐकून घेतले.

"बाबा, मला एकदा विचारायचं तरी."

दुसऱ्या दिवशी तो कामावरच्या कपड्यांतच संस्थेच्या कचेरीत गेला आणि सगळे सांगून मोकळा झाला.

"हे त्याच दिवशी का नाही बोललात?" बाईंनी विचारले.

"त्या दिवशी तुमच्यासमोर चोर ठरलो असतो."

"नुसत्या तुमच्या शब्दावर समिती विश्वास ठेवणार नाही. ठेकेदाराकडून लिहून आणा. मी पुन्हा मांडते."

ठेकेदाराने त्याचे सगळे ऐकून कागद पुढे ओढला.

"लिहून हवं? देतो की. झालं तसंच्या तसं देतो."

त्याने दिले. रंग परवानगीशिवाय नेला, सबब कामावरून कमी केले. खाली सही, शिक्का. "शिडी माझी आहे, ती इथंच ठेव," असेही सुनावले.

तो कागद घेऊन रंगारी पुन्हा बाईंसमोर उभा राहिला. त्यांनी तो वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"याने काम होईल बहुतेक. रंग तुमचा नव्हता हे सिद्ध होतं, आणि आता तर घरात कमाईही नाही. पण हे मुलीच्या फाईलला लागेल. कायमचं राहील तिथं."

"तिला दिसेल?"

"दिसणारच. नव्या अर्जाखाली सही तिलाच करायची आहे."

त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत बाई थांबल्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्याने तो घेतला नाही.

"लावा," तो म्हणाला. "फक्त तिला तुम्ही बोलावू नका. मी जातो वसतिगृहावर. माझ्या तोंडून ऐकू दे."