कहासुना माफ

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या घरी चहा गाळत होतो. तो तसाच टाकून खडकीला पोचलो. जनाजा उचलण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे त्याच्या थोरल्या मुलाने जमलेल्यांना विचारलं, "अब्बांनी कुणाचं मन दुखावलं असेल तर त्यांना माफ करा." सगळ्यांत मोठ्याने "माफ!" म्हणालो तो मी. रशीदने आणि माझं मन दुखवायचं? रडत नसतो तर हसलोच असतो...

आम्ही दोघे तरुणपणी खडकीत दारूगोळ्याच्या एका कारखान्यात होतो. तिथे आत काडेपेटी नेणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. एके दिवशी अचानक झडती झाली आणि खुंटीवरच्या माझ्या कोटात काडेपेटी सापडली. मी जन्मात बिडीला हात लावलेला नव्हता. साहेबांनी ऐकलं नाही, ते एक वेळ सोडा. पण त्याच कारखान्यात हयात घालवलेल्या माझ्या बाबांनीही ऐकलं नाही. "निदान माझ्याशी तरी खरं बोल, मधू," इतकंच म्हणाले आणि पुढे माझ्याशी बोलणंच टाकलं. ते गेले तेव्हाही त्यांच्या लेखी मी खोटारडाच होतो.

त्या सगळ्या काळात माझ्या बाजूने उभा राहिला तो एकटा रशीद. नोकरी गेल्यावर एका दुकानात मला काम त्याने मिळवून दिलं. बाबांच्या तिरडीला त्याने खांदा दिला आणि माझ्यापेक्षा जास्त रडला. त्याने बिडी सोडली, पाच वेळची नमाज धरली. नमाजेनंतर दुआ मागताना त्याचे डोळे वाहायचे. मी चेष्टा करायचो, "अरे, तुझी पापं ती कसली? चिमणीएवढी!" तो नमाजाची चटई घडी करत राहायचा. असा देवभोळा मित्र मिळाला म्हणून मी चारचौघांत मिरवायचो. भाबडेपणालाही काही हद्द असते. मी ती केव्हाच ओलांडली होती.

हजला निघण्याआधी सगळ्यांकडे जाऊन 'कहासुना माफ' करून घेतात, म्हणजे बोलण्याचालण्यात काही चुकलं असेल तर क्षमा मागतात. तसा तो माझ्याकडेही आला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "मधू, कहासुना माफ कर. पण आधी नीट ऐकून घे..."

"ऐकायचं काय त्यात? केलं माफ! जा, आणि येताना खजूर आण."

तो उठला. खजूर मात्र आठवणीने आणले.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो तेव्हा रशीदच्या बायकोने, वहिनींनी, मला आतल्या खोलीत बोलावलं. "भावजी, ती काडेपेटी यांची होती. झडतीला घाबरले आणि तुमच्या कोटात सरकवली. दवाखान्यात मला सांगितलं. अल्लाचं अल्ला बघेल, पण माणसाचं माणसानंच माफ करायला हवं, म्हणाले. न सांगता घेतलेली माफी लागू होत नाही हो... आता जाणून करा."

मी तसाच उठून घरी आलो. त्याचे अश्रू खोटे नव्हते, हे मला कळतं. म्हणूनच जास्त संताप येतो. इतकी वर्षं देवापुढे रडलास, रशीद, आणि माझे बाबा तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर जिवंत होते. त्यांच्यापुढे एकदा रडला असतास तर? माझं नुकसान मी सोडून देईनही. बाबांच्या वतीने माफ करणारा मी कोण?

दर ईदेला त्याच्याकडून शीरखुर्म्याचा स्टीलचा डबा यायचा. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा दोन्ही घरांचा शिरस्ता. दिवाळीला आम्ही तो करंज्या भरून पाठवायचो. शेवटच्या ईदेचा डबा आमच्याकडेच राहिला आहे. परवा बायकोने विचारलं, "वहिनी वाट बघत असतील. काय भरून देऊ यात?"

मी डबा हातात घेतला, झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"अजून काही नाही," म्हटलं.