पेटाऱ्याची किल्ली

रोहण्याच्या मंडळींनो,

मी गाव सोडलं त्या दिवशी तुम्ही सारे यष्टीपर्यंत पोचवाले आलते. नाटक बसवणाऱ्या महादेवभाऊनं नारळ दिला. "सांभाळून राह्यजो वयनी," म्हणे, अन् सारे हासले. नाटकात बाईचं सोंग मी घेत होतो, म्हणून सारं गाव मले वयनी म्हणे. मीबी हासलो. कलामंदिरातल्या कपड्याच्या पेटाऱ्याची किल्ली माझ्या करदोड्याले बांधली होती. बाजूले उभ्या सुमनले, माझ्या बायकोलेबी, ते माहीत नव्हतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कलामंदिराच्या विटा आपणच डोक्यावर वाहिल्या. माझं सोंग सुमन सजवे. हिरवं लुगडं तिचं, लग्नातलं. पदर कसा धरावा, रडावं कसं, तिनंच शिकवलं. माझ्याआधी तिले पाठ होई. टाळ्या मले भेटल्या.

मंग महादेवभाऊ म्हणे, "यंदा सुमनलेच उभी करू. खरी बाई घरात असून खोटी काऊन?" तिचा चेहरा असा फुलला का लग्नातबी तसा नव्हता. मी म्हटलं, "माझी बायको स्टेजवर चढणार नाई." नाव अब्रूचं घेतलं. खरं म्हणजे ती माझ्यापेक्षा बरी करन, याचं भेव होतं.

वर्ध्याले कापसाच्या जिनिंगात चौकीदारी भेटली, तिले घेऊन नाटकाच्या आठ दिवस आधी निघालो. पेटारा उघडाचा मान सोंगवाल्याचा. कुलूप तोडणं अपशकुन. तुम्ही माणूस पाठवला, तं मी म्हटलं, किल्ली हरपली. त्या साली नाटक झालं नाई.

बोरगाव मेघेत खोली भेटली, नळ भेटला, पंखा भेटला. भाकरी थापता थापता ती नाटकातलं बोलणं पुटपुटे. मी आलो का गप. "म्हण ना मोठ्यानं," एवढंच म्हणाचं होतं. जलमभर म्हटलं नाई. मागच्या उन्हाळ्यात ती गेली.

महादेवभाऊ मयतीले आले. म्हणे, "नवे कपडे घेतले, आता पोरीच काम करतेत. तुझं कुलूप तसंच ठेवलं, तुझा मान म्हणून." तोडलं असतं तं बरं झालं असतं, भाऊ.

भाच्याजवळ किल्ली पाठवून राह्यलो. पेटाऱ्यातलं तिचं लुगडं विरलं नसन तं एखाद्या पोरीले नेसवा अन् सांगा, हे काम सुमनचं होतं. गाव म्हटलं का मले आता घर दिसत नाई, वावर दिसत नाई. ते रिकामं स्टेज दिसते. बोलावलं तं येईन, मागं बसीन. फक्त वयनी म्हणू नका.