गाडीपाशीच थांबा

सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळा त्याने आठवीतच सोडली होती, पण बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला चार गोष्टी शिकवल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. पंचवीस वर्षं पेट्रोलच्या गाड्यांत हात काळे केले. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा बाकीचे नाकं मुरडत राहिले, हा पन्नाशीत वही घेऊन प्रशिक्षणाला बसला. आता कंपनीच्या मदत-गाडीवर त्याचा शब्द शेवटचा, आणि हे त्यालाही जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या दुपारी एका माणसाचा फोन आला. पुलाच्या अलीकडे अडकला होता.

"स्क्रीन काळी पडलीय हो. काहीच चालू होत नाही. चार्ज तर सत्तर टक्के होता."

"मोठ्या बॅटरीचा घोळ दिसतोय. कशाला हात लावू नका. उचलून न्यायला ट्रक पाठवतो."

"बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. मी टॅक्सीने पुढे जाऊ का?"

"छे, छे. ट्रकवाल्याला चावी लागते, सही लागते. गाडीपाशीच थांबा."

अडकलेल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी हॉस्पिटलमध्ये असतंच, असं मास्तर हसून म्हणायचा. पुलापासून तो दहा मिनिटांवर होता. तरी आधी एक पंक्चर उरकलं, चहा घेतला. ट्रकला दीड तास लागला आणि त्याच्या मागोमाग मास्तर पोचला. माणूस उन्हात गाडीला टेकून उभा होता, चावी मुठीत.

सवयीने मास्तरने बॉनेट उघडून छोट्या बॅटरीला मीटर लावला. ती पार बसलेली. एवढीशी बारा व्होल्टची बॅटरी, पण स्क्रीन, कुलपं, दिवे सगळं तिच्यावर. ती बसली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी ठप्प. वहीच्या दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं. 'दिवे लागतायत का' एवढं फोनवर विचारलं असतं तरी कळलं असतं. त्याने वायरी जोडल्या आणि चार मिनिटांत स्क्रीन उजळली.

तेवढ्यात माणसाचा फोन वाजला.

"ताई, निघालोच... काय?... कधी?"

त्याने फोन खिशात ठेवला. "बाबा गेले," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं झाली." मग उजळलेल्या स्क्रीनकडे बघत त्याने विचारलं, "एवढंच काम होतं?"

मास्तरला थाप सहज मारता आली असती. गिऱ्हाईकाला काय कळतं?

"हो," तो म्हणाला. "माझं चुकलं. मी तेव्हाच यायला हवं होतं."

माणसाने कॉलर धरली असती तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "मी टॅक्सी थांबवली होती. पण तुम्ही थांबा म्हणालात ना."

मास्तरला भर रस्त्यात रडू फुटलं. सहीचा कागद त्याच्याने पुढे करवेना, ट्रकवाल्याने केला. माणसाने सही केली, पट्टा लावला, मागून येणाऱ्या गाड्यांना वाट दिली आणि सावकाश निघाला. आता त्याला कसलीच घाई नव्हती.