बावीस नंबरची हजेरी

आमच्या रेक्टर बाईंना न्यायला उद्या खुद्द यम आला, तर त्या त्यालाही आधी फाटकाशी चपला काढायला लावतील, टाचा भिंतीकडे आहेत का ते वाकून बघतील आणि मगच "कुणाला भेटायचंय? किती वेळ?" असं विचारतील, याबद्दल मला जराही शंका नाही. सांगलीजवळच्या एका विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहावर मी स्वयंपाकाला आहे. बाईंची तिथली बरीच वर्षं मी चुलीपाशी बसून पाहिली. विद्यार्थिनींनी पाळायच्या नियमांची पाटी दारातच लावलेली होती, पण बाईंना ती पुरत नसे. त्या मनाने भर घालत. ओले केस खिडकीबाहेर सोडू नयेत. न्हाणीघरात गाणं मनातल्या मनात म्हणावं. रडायचं झाल्यास गच्चीवर एकटीने जाऊ नये, मावशींजवळ स्वयंपाकघरात बसून रडावं. मावशी म्हणजे मी. परीक्षा जवळ आल्या की माझ्या परातीभोवती इतक्या पोरी मुसमुसत बसायच्या की कणकेत मीठ घालू का नको असा प्रश्न पडायचा.

बाई कायम पांढरं पातळ नेसायच्या आणि पायात कापडी बूट घालायच्या, त्यामुळे त्यांचं येणं ऐकूच यायचं नाही. आपण डाळ निवडत बसलेलं असावं आणि मानेवर गार वाटावं, मागे बघावं तर बाई. दिवे गेले की नुसता त्यांचा चष्मा चमकत जिना चढायचा. आमचे वॉचमन तात्या फौजेतून आलेले. ते म्हणायचे, "मावशी, मी सरहद्दीवर राहिलोय, पर या बाईची फेरी आली की लय भ्या वाटतंय बगा." जतकडून नवीन आलेल्या एका पोरीने पहिल्याच संध्याकाळी बाईंना जिन्यात बघितलं आणि "अव्वाऽऽ" करून कानडीत किंकाळी फोडली. बाई शांतपणे म्हणाल्या, "किंचाळायचं असेल तर आधी सांगावं."

सुट्टीत सगळ्या पोरी गावी गेल्या तरी बाईंची फेरी चुकत नसे. रिकाम्या खोलीचं दार वाजवून "आवाज कमी" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. खरं सांगते, त्यानंतर ती खोली आणखीच गप्प वाटायची. एकदा त्या स्वतःच न सांगता बाजारात जाऊन आल्या. मी चहा घेऊन गेले तर आरशासमोर उभ्या. "कुणाला विचारून गेला होता?" असं जरबेने विचारलं, मग खाली मान घालून आरशातल्या बाईने, "चुकले, बाई," म्हटलं. चहा माझ्या हातातच निवला.

पण पोरी खऱ्या घाबरायच्या त्या संध्याकाळच्या हजेरीला. दिवे लागले की प्रत्येकीने आपल्या दारात उभं राहायचं, बाहेर चपला जोडीने, टाचा भिंतीकडे. बाई खोलीचा नंबर आणि नाव घेत चालायच्या, उत्तराच्या आवाजावरून माणूस ओळखायच्या. शेवटी बावीस नंबर. ती खोली कुलूपबंद. दारात मात्र साध्या रबरी चपलांचा एक जोड, रोज ओल्या फडक्याने पुसलेला. बाई तिथे थांबून म्हणायच्या, "बावीस नंबर, सुनंदा." मग थांबायच्या. त्या थांबण्यात कुणी खोकायचं नाही. नळ गळायचा तोही ऐकू यायचा. मग "रजेवर," असं स्वतःच म्हणून बाई वळायच्या.

सुनंदाला मी जेवायला वाढलेलं आहे. आई आजारी आहे म्हणून तिचे मामा जीप घेऊन आले. बाईंनी मामांच्या शब्दावर सही केली, पोरीला काही विचारलं नाही. चांगल्या सँडल घालून ती गेली, रोजच्या चपला दारात राहिल्या. ती आलीच नाही. बाई तिच्या गावी जाऊन आल्या, तर घराला कुलूप आणि शेजारी गप्प. पोलिसांत वर्दी दिली, कागद झाले, पुढे काही नाही. रजा घेतलेली मुलगी स्वतः तोंडाने "आले" म्हणेपर्यंत तिचं नाव काढायचं नाही, असा नियम बाईंनी तेव्हा केला.

कधी कधी सकाळी त्या चपलांचे अंगठे दाराकडे वळलेले असायचे, कुणी नुकतंच आत गेल्यासारखे. तात्या म्हणायचे, "मांजर आसंल." बाई नुसत्या वाकायच्या, "उशिरा आली वाटतं," म्हणायच्या आणि टाचा परत भिंतीकडे करायच्या.

जतच्या त्या किंचाळणाऱ्या पोरीलाही न्यायला तिचा काका एकदा आला होता. "घरात कार्य हाय, पोरीला न्यायचीय." बाईंनी त्याला फाटकाबाहेर उभं केलं आणि पोरीला माझ्या स्वयंपाकघरात आणून दार लावलं. "तुला जायचंय?" परातीतल्या पिठाकडे बघत तिने मान हलवली, नाही म्हणून. बाहेर काका ओरडत होता, "आवं, आमच्याच पोरीला न्यायला तुमची परवानगी कशाला?"

"नियम आहे," बाई म्हणाल्या.

"कुठं लिवलाय?"

"आता लिहिते."

काका गेला. बाई माझ्याजवळ पाटावर बसल्या. त्यांच्याच नियमाप्रमाणे रडल्या, आवाज न करता.

यंदा बाई निवृत्त झाल्या. बावीस नंबर उघडून रंग द्यायचं ठरलेलंच होतं. शेवटच्या हजेरीला त्यांनी नाव घेतलं आणि नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. मग कुलपाला हात लावून म्हणाल्या, "रजा वाढवली आहे. उशीर झाला म्हणून कुणी रागावणार नाही." सगळ्या पोरी दारात उभ्या होत्या.

आता दारात अंगठा लावायचं यंत्र आहे. ते कुणा अनोळखी बाईच्या आवाजात प्रत्येकीचे आभार मानतं. आमच्या बाईंनी कधी कुणाचे आभार मानले नाहीत. बावीस नंबरमध्ये दोघी राहतात, त्यांना काही माहीत नाही. तो चपलांचा जोड मी उचलून माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ठेवला आहे.

बाई साताऱ्याला भावाकडे असतात. मध्यंतरी त्यांच्या भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, आत्याबाई रोज दिवे लागले की गॅलरीत उभ्या राहून कुणा सुनंदाला हाक मारतात आणि कान देऊन ऐकत राहतात. समोरची पोरं भ्यायला लागलीत. काय करावं वो?"

"मारू द्या हाक," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी दिवे लागले तशी मी मागच्या दारात गेले. चारचौघांत माझा आवाज कधी निघत नाही. पण नाव घेतलं, आणि ते बाईंच्या आवाजात आलं. आत जेवणाऱ्या पोरींचे चमचे थांबले. "बाई आल्या का काय?" कुणीतरी हळूच विचारलं. थांबायचं असतं तेवढं थांबले, मग वाकून चपलांच्या टाचा भिंतीकडे केल्या.

तेव्हापासून रोज त्याच वेळी साताऱ्यात त्या हाक मारतात आणि इथे मी. ती पोर मधे कुठे असेल, तर दोघींपैकी एकीची तरी तिच्यापर्यंत पोचावी.