बाबा पूर्ण जेवले

"तुमच्या आईला अ‍ॅनिमिया आहे," वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या. अ‍ॅनिमिया म्हणजे अंगात रक्त कमी.

तपासायला आम्ही बाबांना नेलं होतं. त्यांना खुर्चीत बसवताना आईलाच चक्कर आली, म्हणून तिचं रक्त तपासलं.

बाबांना स्ट्रोक, म्हणजे लकवा, होऊन आठ महिने झाले होते. सोबत डिस्फेजिया, म्हणजे गिळायला त्रास. सगळं पातळ, कुस्करून द्यायचं. मी घरातली पहिली पदवीधर, तीही या दोघांच्या कष्टावर. मंगरूळपीरला नोकरी करते, रविवारी कामरगावला घरी येते. मी एक वही करून दिली होती : बाबांच्या गोळ्या, बीपी, जेवण. चौथी शिकलेली आई रोज लिहायची.

डॉक्टरांनी आईला विचारलं, "तुम्ही काय जेवता?"

"यायच्या ताटात उरते, तेच खातो मी," आई बाबांकडे बघत म्हणाली.

"वेगळं काही करत नाही?"

"माह्या एकटीसाठी कायले भाकर थापू? पाव्हणी आली काय घरात?"

लग्नापासून आई बाबांच्याच ताटात जेवते. पूर्वी ती त्यात भाकर-भाजी वाढून घ्यायची. आता उरायची दोन चमचे खिचडी, आणि तेवढ्यावर ती उठायची. वहीत 'पूर्ण जेवले' वाचून मी खूश व्हायचे. त्या दिवशी आई उपाशी असायची.

मी आईवर चिडले, मग मला स्वतःचा राग आला. दवाखान्याच्या कागदांचाही आला. 'काळजी घेणारी व्यक्ती : पत्नी' एवढीच ओळ. ती पत्नी जेवते का, झोपते का, तिची पाठ दुखते का, याला रकानाच नाही. नातेवाईक यायचे, "लय सेवा करते" म्हणायचे, चहा पिऊन जायचे. तुमच्याही घरी कुणी अंथरुणावर असेल, तर उचलणाऱ्या माणसाचंही रक्त तपासून घ्या.

लोहाच्या गोळ्या लिहून देताना डॉक्टरांनी आईला विचारलं, "तुम्हाला काय मदत हवी?" हे आठ महिन्यांत कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या प्रश्नासाठी मी त्यांची ऋणी आहे.

आई म्हणाली, "एक दिवस अनसिंगले बहिणीकडं जाऊ द्या."

मी रजा काढून तिला पाठवलं. बाबांना पुसलं, कूस बदलली, कपडे बदलले. एक वाटी खिचडी भरवायला तास लागला. तीन वाजता आईचा फोन आला.

"बाबा जेवले काय?"

"पूर्ण जेवले."

"अन् तू?"

"आता बसते जेवायला."

"मंग माह्यावर कायले चिडत होती, बाई?"

पुढच्या महिन्यात आईला पुन्हा बहिणीकडे पाठवायला मी त्याच दुपारी एका दिवसाची रजा मागितली.