कार्ड माझ्याकडं, पिन ह्यांच्याकडं

नादार झालेल्या माणसाला बँक पुन्हा क्रेडिट कार्ड देते, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण दिलं. वाळूजला आमच्या ह्यांचं छोटं वर्कशॉप होतं, कारखान्यांना सुटे भाग पुरवायचं. पैसे अडकले, कामगारांचे पगार कार्डांवर निघू लागले. एका कार्डाचं बिल दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. शेवटी कोर्टानं ह्यांना नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवलं. त्याआधी वसुलीवाले सिडकोतल्या आमच्या घरी यायचे, ओट्यावर बसायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या लेकीला विचारायचे, "बाप कुठं लपलाय गं?" तेव्हा ती शाळेत होती. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

पुढं हे एका कंपनीत सुपरवायझर म्हणून लागले आणि मी घरून जेवणाचे डबे द्यायला लागले. पोटाला चिमटा काढून अडीअडचणीसाठी थोडी रक्कम जमवली. ती दोघांच्या नावानं एफडीत टाकायला गेलो तर बँकेतले साहेब म्हणाले, "ह्याच एफडीवर कार्ड देतो. वेळेवर भरत गेलात की तुमची पत सुधारेल." ह्यांचा चेहरा खुलला. मी तिथंच उखडले. म्हटलं, पुन्हा त्या नादाला लागायचं नाय! पण उद्या लेकीच्या शिक्षणाला कर्ज लागलं तर आमच्याकडं बघून कोण देणार, हेही खरंच होतं.

मग मी अट घातली. कार्ड माझ्या पर्समध्ये आणि पिन ह्यांच्या डोक्यात. पिनशिवाय चालायची सोयसुद्धा बँकेत सांगून बंद करून घेतली. महिन्यातून एकदा स्कूटरचं पेट्रोल, तेही दोघांनी सोबत जाऊन भरायचं आणि दुसऱ्या दिवशी पैसे चुकते करायचे. पेट्रोल सोडून कशालाही पिन वापरणार नाही, अशी लेकीच्या गळ्याची शपथ मी ह्यांना देवापुढं उभं करून घ्यायला लावली. पंपावरची माणसं आम्हाला हसायची. एवढ्याशा पेट्रोलला जोडीनं येतात म्हणायची. हसा म्हटलं, तुमच्या बापाचं काय जातंय. आणि घरी आल्यावर मी निश्चिंत असायची, की अडचणीला एफडी आहे आणि कार्डही ताब्यात आहे.

उन्हाळ्यातली दुपार होती. लेक तोवर कॉलेजात जायला लागली होती. हे ताटावर बसले आणि घास तोंडाशी नेता नेता थांबले. अंगाला दरदरून घाम. "डावा हात लई दुखतोय," एवढंच म्हणाले. लेकीनं पळत जाऊन रिक्षा आणली, आम्ही दोघींनी ह्यांना धरून बसवलं आणि जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली न् म्हणाले, हृदयाची नळी बंद झालीय, आत्ताच उघडावी लागेल, दुसरीकडं हलवायच्या भानगडीत पडू नका. काउंटरवाला म्हणाला, आधी डिपॉझिट भरा. सरकारी योजनेचं कार्ड पुढं केलं तर म्हणे ते इथं चालत नाही.

लेकीला ह्यांच्यापाशी ठेवून मी बँकेत धावले. म्हटलं, माझी एफडी मोडा, आत्ताच्या आत्ता. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"ताई, ही अशी मोडता यायची नाही. कार्ड हिच्यावरच दिलंय ना. आधी कार्ड बंद करावं लागेल, त्याला काही दिवस जातात."

"अहो, पैसे माझे आहेत!"

"तुमचेच आहेत. पण तारण आहेत."

इतकी वर्षं मी एकच पैसा दोनदा मोजत होते, एकदा अडचणीचा म्हणून आणि एकदा कार्डाचा म्हणून. साहेबच मग हळू आवाजात म्हणाले, "कार्डावर तेवढी रक्कम निघेल की. ते का नाही वापरत?" कार्ड माझ्या काखेतल्या पर्समध्ये होतं आणि मला ते सुचलंसुद्धा नव्हतं!

परत आले तर ह्यांना स्ट्रेचरवर घेतलेलं, तोंडाला ऑक्सिजन. मी कार्ड दाखवलं. "पिन सांगा लवकर."

ह्यांनी कार्डाकडं बघितलं आणि मान हलवली. तोंडावरचा मास्क बाजूला केला. "मला घाटीत ने, सरकारी दवाखान्यात."

"डॉक्टर नको म्हणतायत. पिन सांगा."

"शपथ आहे."

"अहो, घातली कुणी? मीच ना?"

"पोरीच्या गळ्याची आहे ती."

लेक रडत म्हणत होती, "पप्पा, मला काय होत नाय हो!" ह्यांनी डोळे मिटून घेतले. "सुटली म्हण. त्याबिगर नाय."

आमच्यात घातलेली शपथ घालणाऱ्यानंच सोडायची असते, तोंडानं म्हणून. मी दात खाऊन म्हटलं, "सुटली."

"रागानं नको. मनापासून म्हण."

नर्स ओरडली, "ताई, वेळ घालवू नका!" आणि माझं टाळकंच सरकलं. "अरे, मरायला टेकलास आणि मनापासून काय मागतोस मेल्या!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना अरे कधी म्हटलं नव्हतं. मला हुंदकाच फुटला. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सुटली. माझ्या लेकीच्या गळ्याची शपथ सुटली. मीच घातली होती, मीच सोडते. मला तुम्ही पाहिजे आहात हो, दुसरं काय नको."

मी कान जवळ नेला. ह्यांनी आकडे सांगितले.

काउंटरवर घाईघाईत पहिल्यांदा पिन चुकलाच. काउंटरवाला म्हणाला, "सावकाश दाबा, ताई." दुसऱ्यांदा पावती बाहेर आली. मी मागं वळले तोवर ह्यांना आत नेलं होतं.

संध्याकाळी मला भेटायला सोडलं. हे शुद्धीवर होते. पहिला प्रश्न, "किती घासलं?" मी आकडा सांगितला. आता व्याजाचं काही बोलले तर इथंच चार गोष्टी ऐकवायच्या, असं मी ठरवलं होतं, माणूस आजारी असला तरी. ह्यांनी हात चाचपडत माझ्या हातावर ठेवला.

"फेडू," म्हणाले.

कोर्टातून आलो त्या दिवसापासून हा शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. शेजारून वाटीभर साखर आणली तरी हे मला गुपचूप परत करायला लावायचे, पण देतो, फेडतो असं कुणाला म्हणायचे नाहीत. आपल्याला आता तसं म्हणायचा हक्कच राहिला नाही, असं ह्यांच्या मनानं घेतलं होतं.

"व्हय," मी म्हटलं, "फेडू." आणि नर्सनं बाहेर काढेपर्यंत तो हात सोडला नाही.